पेंटासवरचा 'हमिंगबर्ड' आणि अनंतावरची शिंगवाली अळी

सांगलीला विश्रामबागेत राहणाऱ्या एका ताईंनी विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर आहे. प्रश्न थोडक्यात असा: पावसाने उघडीप दिली की सकाळी नऊ-दहाच्या सुमारास त्यांच्या पेंटासच्या कुंड्यांवर एक इवलंसं पाखरू येतं. हवेत एका जागी थांबतं, लांब चोच फुलात घालतं, लगेच पुढच्या फुलावर जातं, आणि फोन हातात घेईपर्यंत पसार होतं. पंख डोळ्यांना दिसतच नाहीत, शेपटीला मात्र छोटासा पिसारा आहे. मुलाने फोनवर शोधून 'हमिंगबर्ड' असा निकाल दिला. ताईंना तो शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी, वाटतो. सासूबाई म्हणतात, "अगं, भुंगाय तो, एवढं काय!" आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता, आणखी एक प्रश्न आहे: अनंताची कोवळी पालवी फस्त होतेय, शेपटाला काटा असलेल्या जाडजूड हिरव्या अळ्या सापडल्यात, कुठलं औषध मारू?

आधी घरातल्या वादाचा निकाल लावतो. तिघांत सासूबाई सर्वांत जवळ पोचल्या. तो भुंगा नाही, पण कीटक आहे. दिवसा उडणारा पतंग आहे, हॉक मॉथ कुळातला. आणि दुसरा प्रश्न वेगळा नाहीच. अनंतावर जी अळी आहे, ती बहुतेक याच पाहुण्याचं पोर आहे. म्हणून विनंती एवढीच की हे पूर्ण वाचेपर्यंत औषधाच्या पंपाला हात लावू नका.

मुलाला नाराज करायचं नाही, पण हमिंगबर्ड भारतात नाहीत. सांगलीत नाहीत, सह्याद्रीत नाहीत, हिमालयातही नाहीत. हे पक्षी अमेरिका खंडांत आणि तिथल्या बेटांवरच राहतात. गंमत अशी की कोणे एके काळी ते इकडच्या जगातही होते. दक्षिण जर्मनीत सापडलेल्या सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांवरून जीवाश्मांचे अभ्यासक गेराल्ड मायर यांनी २००४ साली ते दाखवून दिलं. पण त्या पक्ष्यांचं इकडे काही उरलं नाही.

मुलाने चुकावं यात नवल नाही, कारण याच ठिकाणी भलेभले चुकले आहेत. हेन्री बेट्स हा इंग्रज निसर्गसंशोधक १८४८ पासून अकरा वर्षं अॅमेझॉनच्या जंगलात नमुने गोळा करत होता. हमिंगबर्ड समजून त्याने बंदुकीने अनेकदा हॉक मॉथ पाडले. उडताना दोघांतला फरक ओळखायला त्याला बरेच दिवस लागले, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. तिथल्या लोकांची तर पक्की समजूत होती की हा पतंगच पुढे पक्षी होतो. बेट्सच्या आसपास निदान खरे हमिंगबर्ड तरी होते. आपल्याकडे तुलनेला पक्षीच नाही, त्यामुळे टीव्हीवर पाहिलेलं चित्रच डोळ्यांपुढे येतं.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या डोक्यात उलटी बसलेली असते. हा पतंग पक्ष्याची नक्कल करत नाही. ज्या मुलखात तो पक्षीच नाही तिथे नक्कल करणार कुणाची आणि फसवणार कुणाला? लांब नळीच्या फुलातला मध, फुलावर बसायला जागा नाही आणि वेळ थोडा, अशी अडचण दोघांपुढेही होती. दोघांनी आपापल्या वाटेने तोच मार्ग काढला, एवढाच त्यांचा संबंध. पारदर्शक पंखांच्या पतंगांचं मोठ्या मधमाशीशी किंवा भुंग्याशी जे साम्य आहे, त्याचा मात्र त्यांना उपयोग होत असावा. डंख मारणाऱ्या किड्याच्या वाटेला पक्षी सहसा जात नाहीत.

आता शिंजीर. ताईंचा संशय अगदी रास्त आहे, कारण सांगली-साताऱ्याच्या बागांमध्ये जांभळा शिंजीर आणि जांभळ्या पाठीचा शिंजीर हे दोघेही रोजचे. महाबळेश्वरकडे गेलात तर लाल सूर्यपक्षीही भेटतो. शिंजीर कधीमधी हवेत तरंगतोही, पण दोन-चार क्षण, तेही जास्वंदीसारख्या लोंबत्या फुलापाशी, धडपडत. मग लगेच फांदी धरतो. त्याचा खरा स्वभाव बसून मध पिण्याचा आहे. तो अखंड बडबडतो, अंगाने तो चार इंच भरतो आणि त्याची बाकदार चोच ताठच राहते. आपल्याकडच्या सर्वांत लहान पक्ष्यांत मोडणारा टिकेलचा फुलटोचाही तीन इंचांच्या आसपास असतो. तुम्ही पाहिलेलं पाखरू मोजलंत तर दीड इंचाच्या पुढे जाणार नाही. त्याच्याएवढा पक्षी आपल्या मुलखात नाहीच.

आकार लांबून फसवतो हे खरं. म्हणून माझा भर मिशांवर असतो. डोक्यावर पुढे रोखलेल्या दोन जाड मिशा, टोकाला जरा फुगीर आणि किंचित आकड्यासारख्या वळलेल्या दिसल्या, की विषय संपला, कारण पक्ष्याला मिशा नसतात. दुसरी खूण म्हणजे ती 'चोच'. एका फुलावरून दुसऱ्यावर जाताना ती वाकते, आणि पाखरू दूर निघालं की घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळून डोक्याखाली जाते. ती सोंड आहे, चोच नव्हे. काही जातींत ती जवळजवळ अंगाच्या लांबीची असते. आणि तो 'पिसारा' पिसांचा नसून शेपटाकडच्या लांब खवल्यांचा झुबका आहे. पतंग वळताना, थांबताना तो पसरतो, म्हणून तुम्हाला तो इतका ठळक दिसला.

सासूबाईंचा भुंगाही वगळून टाकू. आपल्याकडचा काळा, चकचकीत, निळसर पंखांचा भुंगा, जो लाकूड पोखरून घर करतो, तो फुलावर चक्क बसतो. फूल त्याच्या वजनाने वाकतं. त्याची गुंगुं दोन खोल्या ओलांडून ऐकू येते. आपल्या पाहुण्याचा आवाज अगदी कान दिला तरच येतो.

मग हा नेमका कोणता पतंग? इथे मला जरा भांडायचंय. 'हमिंगबर्ड हॉक मॉथ' असं शोधलं की पडद्यावर सगळीकडे एकच नाव येतं, मॅक्रोग्लॉसम स्टेलॅटेरम. लिनीअसने १७५८ मध्ये नाव दिलेली ही जात युरोपात आणि आशियाच्या बऱ्याच भागात आहे. भारतात ती प्रामुख्याने उत्तरेला, हिमालयाच्या बाजूला दिसते. इंटरनेटवरचे झाडून सगळे फोटो तिचेच असल्यामुळे आपले लोक कोल्हापुरात काढलेल्या फोटोखालीही तेच नाव लिहून मोकळे होतात. सह्याद्रीच्या पट्ट्यात त्याच वंशाच्या दुसऱ्या जाती आहेत, बेलिस, गायरान्स, कोरिथस वगैरे. सगळ्यांचं रूप ढोबळमानाने एकच: पुढचे पंख तपकिरी, त्यावर गडद पट्टे, मागच्या पंखांत पिवळा किंवा नारिंगी रंग, पोटाच्या कडेला पिवळे ठिपके आणि शेपटीला काळसर झुबका. उडत्या पतंगाच्या धूसर फोटोवरून यांतली जात छातीठोकपणे सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. 'मॅक्रोग्लॉसम, जात अनिश्चित' असं लिहिण्यात कमीपणा कसला?

तुमच्या बाबतीत मात्र माझा अंदाज वेगळाच आहे. भर उन्हातली वेळ, 'पंख दिसतच नाहीत' हे वाक्य आणि दारातला अनंत, हे तिन्ही एकत्र आले की मला याच कुळातला दुसरा पतंग, सेफोनोडिस हायलस, आठवतो. याचे पंख खरोखरच काचेचे असतात, पारदर्शक, फक्त शिरा आणि कडा गडद. अंग शेवाळी-पिवळसर हिरवं, कमरेला तांबूस पट्टा, शेपटीला काळा झुबका. पुढच्या वेळी पंखांतून पलीकडचं पान दिसतंय का ते बघा. दिसलं तर हाच. तपकिरी धूसर पंख आणि मागे पिवळ्याची झलक दिसली तर मॅक्रोग्लॉसम. वेळही थोडी मदत करते. काचपंखी पतंग लख्ख उन्हात येतो, तर मॅक्रोग्लॉसम सकाळी लवकर, ढगाळ दुपारी आणि उन्हं कलल्यावर जास्त दिसतात. दिवेलागणीनंतर मधुमालतीवर किंवा रातराणीवर जे मोठे, जाड अंगाचे पतंग येतात ते याच कुळातले, पण निशाचर.

हे कुळ मोठं आहे, जगात सुमारे दीड हजार जाती. बहुतेक सगळे रात्री किंवा तिन्हीसांजेला उडतात. दिवसापाळी पत्करलेले थोडे.

हवेत थांबण्याची करामत कशी जमते, हे मुलाला नक्की सांगा. हमिंगबर्डचं स्वप्न मोडल्याची भरपाई होईल. स्टेलॅटेरमवर मोजमाप झालंय. ते पंख सेकंदाला ७० ते ८० वेळा हलतात, म्हणून डोळ्याला तिथे नुसता धुरकट पट्टा दिसतो. पंख खाली येताना उचल मिळते हे कुणालाही पटेल. हे पतंग पंख मागे नेतानाही तो पालथा वळवून उचल मिळवतात. शिवाय पंखाच्या पुढच्या कडेवर हवेचा एक छोटा भोवरा तयार होऊन टिकून राहतो आणि तोच बराच भार पेलतो. केंब्रिजच्या चार्ल्स एलिंग्टन यांच्या गटाने हॉक मॉथवर आणि त्याच्या यांत्रिक प्रतिकृतीवर धूर सोडून हा भोवरा दाखवला, ते साल १९९६.

पण उचल मिळणं वेगळं आणि तोल राखणं वेगळं. वाऱ्याने फूल हलतं, पतंगाला त्याच्याबरोबर क्षणाक्षणाला सरकावं लागतं, सोंड बाहेर येता कामा नये. हे गणित सोडवतात त्या दोन मिशा. संजय साने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हॉक मॉथच्या मिशांचा लांब भाग काढून पाहिला. पतंग भिंतींवर आपटू लागले, उलटे उडाले, कोसळले. तोच भाग परत चिकटवला तर उड्डाण पुन्हा सुधारलं. मिशीच्या बुडाशी असलेली ज्ञानेंद्रियं अंगाची गिरकी जाणतात, ती कळण्यासाठी मिशीला थोडं वजन हवं. साने पुढे बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत याच विषयावर काम करत राहिले, आणि तिथे अभ्यासाला घेतलेल्या पतंगांत आपल्या कण्हेरीवर वाढणारा हिरवा हॉक मॉथही आहे.

आणखी एक बारकावा: पतंग उडण्याआधी थरथरतो. हे पंखांचे स्नायू तापवणं आहे. छाती तापल्याशिवाय या वेगाने पंख चालत नाहीत. सकाळी कुंडीच्या कडेला असा थरथरणारा पतंग दिसला तर तो आजारी आहे असं समजून पाणी पाजायला जाऊ नका. मिनिटा-दोन मिनिटांत तो आपला आपण जाईल.

आता अनंत. खरं उत्तर इथून सुरू होतं.

फुलपाखरांसाठी आणि पतंगांसाठी बाग करायची म्हटली की लोक फुलांची रोपं आणतात. फुलं म्हणजे त्यांची खाणावळ, पण त्यांचं घर पानांवर असतं. मादी अंडी घालते ती ठराविक कुळाच्या झाडांवरच. काचपंखी पतंगासाठी आणि बऱ्याचशा मॅक्रोग्लॉसमसाठी ते कुळ कॉफीचं. अनंत त्याच कुळातला. गेळा, बारतोंडी, खुद्द कॉफी हेही त्यातलेच. ही माहिती आयती मिळालेली नाही. टी. आर. बेल नावाचे वन अधिकारी कारवारच्या जंगलात वर्षानुवर्षं अळ्या पाळून कोणती कशावर वाढते ते टिपत राहिले. त्या नोंदींचा खंड सहलेखक स्कॉट यांच्यासोबत १९३७ साली छापला गेला. आजही दक्षिण-पश्चिम भारतात हॉक मॉथची अळी सापडली की शोध तिथपर्यंत जातो.

मादी अंडी घालताना पाहायची असेल तर फुलांकडे न जाता पानांभोवती घिरट्या घालणारा पतंग शोधा. कोवळ्या पानापाशी क्षणभर थबकून पोट वाकवते, एकच अंडं चिकटवते आणि पुढच्या फांदीकडे जाते. अंडं पिवळसर हिरवं, गोल, मोहरीहून लहान. त्यातून निघालेली अळी सुरुवातीला नजरेला पडत नाही. ऊब असेल तर तीनेक आठवड्यांत ती करंगळीच्या जाडीची होते, आणि शेवटच्या काही दिवसांतच बहुतेक सगळा फडशा पाडते. म्हणून तुम्हाला वाटतं की झाड एका रात्रीत बोडकं झालं. अळी तिथे आधीपासून होतीच. तिचा हिरवा रंग पानात विरतो, पाठीच्या दोन्ही बाजूंनी फिकट रेघ, अंगाच्या कडेला श्वासाच्या छिद्रांभोवती नारिंगी-तांबूस ठिपके, आणि शेपटावर ते शिंग. काही अळ्या गडद, जवळजवळ काळपट रंगाच्याही निघतात. त्यांना वेगळी कीड समजू नका. अळी दिसत नसली तर कुंडीखालची फरशी बघा. मिरीच्या दाण्याएवढ्या, खाचा पडलेल्या काळ्या लेंड्या जिथे पडल्यात, त्याच्या बरोबर वरच्या फांदीवर ती सापडते.

शिंगाची भीती नको. ते टोचत नाही, त्यात विष नाही, खाज सुटत नाही. केसाळ अळ्यांना, विशेषतः शेवग्यावरच्या घुल्यांना हात लावू नये हे बरोबर, पण ही अळी गुळगुळीत असते. मुलाने तळहातावर घेतली तरी चालेल. तसंच पतंगाच्या पंखांची पूड डोळ्यात गेली तर आंधळेपणा येतो, हे आपल्याकडे आज्या सांगत आल्यात, त्यात तथ्य नाही. ती पूड म्हणजे सुटलेले खवले. डोळा चुरचुरला तर पाण्याने धुवावा, झालं.

मग औषध? माझं मत स्पष्ट आहे, घरच्या अनंतावर या अळीसाठी काहीही मारू नये. रासायनिक तर नाहीच. त्यातही मुळातून शोषली जाणारी आंतरप्रवाही औषधं वाईट, कारण ती पानाबरोबर फुलातल्या मधातही उतरू शकतात. म्हणजे एकीकडे पेंटास लावून पाहुणा बोलवायचा आणि दुसरीकडे त्याच्या पानात विष कालवायचं. सेंद्रिय म्हणून विकली जाणारी बीटीची (एका जिवाणूपासून केलेल्या कीडनाशकाची) पूडही अळ्यांच्या बाबतीत भेदभाव करत नाही. ती फुलपाखरांच्या अळ्यांनाही मारते. निंबोळी अर्क त्यातल्या त्यात सौम्य, पण इथे त्याचीही गरज नाही. दयाळ, बुलबुल आणि सातभाई अळ्या वेचतात. बारीक गांधीलमाश्या अळीच्या अंगात अंडी घालतात. एखाद्या अळीच्या पाठीवर पांढरे तांदुळासारखे कोष चिकटलेले दिसले, तर ती अळी संपलीच समजा, आणि ते कोष काढू नका. पुढच्या अळ्यांचा बंदोबस्त त्यातूनच बाहेर पडणार आहे.

अनंतावर पांढरा कापसासारखा चिकटा असेल, पानं चिकट होऊन त्यावर काळी बुरशी धरली असेल, तर तो पिठ्या ढेकूण. त्याचा अळीशी संबंध नाही. पाण्याचा जोरदार फवारा मारा, मग साबणाचं पातळ पाणी. मुंग्या चढत असतील तर आधी त्यांची वाट बंद करा.

जमिनीतलं मोठं झाड चार-पाच अळ्या सहज पोसतं. पुन्हा पालवी येते. कुंडीतलं रोप लहान असेल तर एक-दोन अळ्या ठेवून बाकीच्या दुसऱ्या अनंतावर हलवा. विश्रामबागेत शेजारीपाजारी कुणाकडे अनंत नाही असं होणार नाही. पण विचारून हलवा, नाहीतर तिथे औषधाचा पंप तयार असतो.

मुलाला गुंतवायचं असेल तर एक अळी घरात वाढवा. मोठी पारदर्शक बरणी किंवा प्लॅस्टिकचा डबा, तोंडाला मलमलचं कापड आणि रबर. झाकण लावायचं नाही, आत दमट होऊन बुरशी येते. रोज ताजी पानं, आणि ती फवारलेल्या झाडाची नकोत, नर्सरीतून आणलेल्या नव्या रोपाचीही लगेच नकोत. लेंड्या रोज काढायच्या. एक दिवस अळी खाणं सोडते, रंग मळकट तपकिरी होऊ लागतो आणि ती डब्याभर भटकते. घाबरू नका, ती कोषाची जागा शोधतेय. तिला तळाशी दोन-तीन बोटं जाडीचा किंचित ओलसर मातीचा आणि सुक्या पानांचा थर द्या. त्यात ती विरळ धाग्यांनी पानं सांधून कोष करते. मग डबा हलवायचा नाही, उकरून बघायचं नाही. साधारण दोन आठवडे लागतात, थंडीत कोष जास्त दिवस पडून राहू शकतो. डब्यात एक उभी खडबडीत काडी ठेवायला विसरू नका. बाहेर आलेल्या पतंगाला लटकून पंख पसरायला जागा लागते. ती नसेल तर पंख चुरगळलेलेच वाळतात आणि तो कधीच उडत नाही.

इथे एक गोष्ट बघायला मिळते, तिच्यासाठी हा सगळा खटाटोप करावा असं मला वाटतं. काचपंखी पतंग कोषातून निघतो तेव्हा त्याचे पंख पारदर्शक नसतात. त्यावर राखाडी खवल्यांचा पातळ थर असतो. पहिल्यांदा पंख जोरात फडफडवताच तो थर धुळीसारखा झडतो आणि काच उघडी पडते. ही गोष्ट बागेत दिसणं दुर्मीळ, डब्यात मात्र समोर घडते. सकाळी ऊन आल्यावर कापड काढा आणि सावकाश बघा. फोन आधीच लावून ठेवा.

फोटोचं म्हणाल तर पतंगाच्या मागे धावणं सोडा. तो त्याच वाफ्यावर, बरेचदा त्याच सुमारास, पुन्हा येतो. फुलांचा एक गुच्छ निवडून त्यावर फोन रोखून उभं राहा, ऊन तुमच्या पाठीशी हवं. फोटोऐवजी स्लो मोशन व्हिडिओ घ्या आणि नंतर त्यातून चौकट निवडा. कॅमेरा असेल तर शटर १/२००० किंवा त्याहून वेगवान. पंख गोठले नाहीत तरी चालतील, पोटाची बाजू, कमरेचा पट्टा आणि मागचे पंख दिसले पाहिजेत. ओळखीसाठी तेच लागतं. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर तारीख आणि गावासह टाका. सांगली-साताऱ्याच्या नोंदी तिथे वाढायला हव्यात. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जगभर पतंग सप्ताह पाळतात, २०१२ पासून. आपल्याकडे तेव्हा पाऊस असतो, पण अळ्या शोधायला तीच वेळ उत्तम.

फुलांसाठी पेंटास आहेच, तो राहू द्या. सोबत इक्झोरा लावा. तोही कॉफीच्याच कुळातला. सदाफुलीही चालते. घाणेरीवर हे पतंग तुटून पडतात हे खरं असलं तरी मी ती लावायला सांगणार नाही. साताऱ्याच्या डोंगरांत घाणेरीने बेफाम पसरून काय करून ठेवलंय ते यवतेश्वरच्या चढाला गाडी थांबवून बघा. ऑनलाइन मिळणारे साखरपाण्याचे लाल फीडर तर अजिबात नकोत. ते अमेरिकेतल्या पक्ष्यांसाठी आहेत. इथे त्यावर मुंगळे आणि गांधीलमाश्या जमतील. जागा असेल तर एक बारतोंडी लावा, बांधावरचं झाड आहे, पाण्याची फार मागणी नाही.

एवढं वाचल्यावर सगळ्या शिंगवाल्या अळ्या तुम्हाला दिसू लागतील, म्हणून थोडी सावधगिरी. तगर किंवा कण्हेरीवर डोक्याजवळ निळे डोळे असलेली अळी सापडली तर ती मघाच्या हिरव्या हॉक मॉथची. तिळावर, वांग्यावर हाताच्या बोटाहून मोठी, तिरप्या पट्ट्यांची अळी असेल तर ती कवटीवाल्या पतंगाची. तो मोठा झाल्यावर हातात धरला की चक्क चिरकतो. तासगावकडे द्राक्षाच्या वेलीवर डोळ्यांसारखे ठिपके असलेली जी सापडते ती हिप्पोटियन सेलेरिओ किंवा तिची भावंडं. द्राक्षवाल्याला डावणी, भुरी हे रोग आणि पिठ्या ढेकूण यांच्यापुढे तिची फारशी फिकीर नसते. दिसली तर हाताने वेचतात. या सगळ्यांचे पतंग अंधार पडल्यावरचे, तुमच्या सकाळच्या पाहुण्याशी त्यांची गल्लत नको.

शेवटी तुमच्या अनंताबद्दल. पानं खाल्ली जाण्याबरोबर ती पिवळीही पडतायत असं तुम्ही लिहिलंय. तो दोष अळीच्या माथी मारू नका. पान पिवळं आणि शिरा हिरव्या असं दिसत असेल तर ती लोहाची कमतरता आहे. अनंताला आम्लधर्मी माती लागते. सांगलीची काळी माती आणि बोअरचं जड पाणी दोन्ही त्याला मानवत नाहीत. लोह मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही. कुंडी बदलताना लाल माती, पालापाचोळ्याचं खत आणि थोडं कोकोपीट घ्या, शक्यतो साठवलेलं पावसाचं पाणी घाला, आणि पाकिटावरच्या प्रमाणात चिलेटेड लोह (मुळांना उचलता येईल अशा रूपातलं) मुळाशी द्या. पानांवर फवारू नका, कारण तिथे अळी जेवतेय. नवी पालवी हिरवी आली की जुनी पिवळी पानं आपोआप गळतील. कळ्या धरल्यावर कुंडीची जागा बदलू नका, अनंत रुसून कळ्या टाकतो.